परीक्षानळीतला विटकरी रंग

नांदुऱ्याच्या शाळेत मी चित्रकला शिकवतो. शेंदरी आणि विटकरी या रंगांतला फरक मुलांना पटकन कळत नाही. मी सांगतो, शेंदरीत उजेड असतो, विटकरीत नसतो. हा फरक मला चांगला कळतो, कारण एका हिवाळ्यात माझं जगणं-मरणं त्याच्यावर येऊन थांबलं होतं. रंगपेटीतली विटकरी वडी मी अजून हातात घेत नाही. मुलांना कौलं रंगवायची असली तर 'तुमच्या मनाने रंगवा' म्हणतो आणि खिडकीशी जाऊन उभा राहतो.

मला मधुमेह आहे. चाळिशीच्या आतच निघाला. तेव्हा घरी साखर तपासायची रीत अशी होती : काचेच्या नळीत एक निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थोडे थेंब सोडायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरून ते उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी आहे. मग पिवळं, मग नारिंगी आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटकरी. औषधाबरोबर रंगांची एक छापील पट्टी यायची, पण तिची छपाई अशी की पिवळा आणि नारिंगी एकच दिसावेत. म्हणून मी जाड कागदावर पाच चौकोन स्वतः रंगवले. माझ्या बायकोने ती पट्टी स्वयंपाकघराच्या दाराला खिळा ठोकून लटकवली आणि रोज सकाळी नळी तिच्याशेजारी धरून ती माझा निकाल सांगायची. माझीच चित्रकला माझ्यावर उलटेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पुढचं समजायला एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. मी गोडखाऊ होतो आणि खोटारडाही होतो. शाळा सुटल्यावर एस.टी. स्टँडकडून घरी यायचो. तिथे जिलबीची कढई असायची. दुसऱ्या दिवशी नळी नारिंगी होऊ नये म्हणून मी तपासणीच्या बाटलीत माठातलं पाणी मिसळायचो. एकदा पाणी इतकं जास्त झालं की नळी आभाळासारखी निळी राहिली. बायको नळीकडे पाहत म्हणाली, "इतकं चांगलं तं माह्यं पण येणार नाही." माझी पकडली गेलेली ती पहिली चोरी. तिने आरडाओरडा केला नाही. फक्त त्या दिवसापासून बाटली भरताना ती मोरीच्या दाराशी उभी राहू लागली. एका चित्रकलेच्या मास्तरावर ही पाळी यावी, याची लाज मला आजही वाटते.

मग छातीत दुखू लागलं. शाळेचा जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचे सुविचार वाचतोय असं दाखवायचो. शेवटी मुंबईला गेलो आणि तिथे मोठं ऑपरेशन झालं. त्या काळी आमच्या भागात असं ऑपरेशन झालेला माणूस मी तरी पाहिला नव्हता. छातीचं मधलं हाड उभं कापतात, दोन्ही बाजू फाकवतात, पायातली शीर काढून हृदयावर जोडतात आणि हाड परत जुळवून तारेने शिवतात. सुटी देताना तिथले सर्जन म्हणाले, "मास्तर, मधुमेह्याची जखम ओल्या लाकडासारखी असते. आत धुमसत राहते, बाहेर कळत नाही. साखर सांभाळा." आणखीही बरंच सांगितलं असेल. आम्ही दोघं घाबरलेली माणसं. आमच्या कानात 'साखर सांभाळा' एवढंच राहिलं.

घरी आलो तेव्हा पौष लागला होता. डोणगावहून माझी मोठी बहीण आली होती. आम्ही तिला अक्का म्हणतो. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. ती आली की घरचा कारभार तिच्याकडे जातो, हे माझ्या बायकोने फार पूर्वीच मान्य करून टाकलं होतं. अक्काने सोबत तिळाच्या लाडवांचा डबा आणला होता. संक्रांत आठ-दहा दिवसांवर होती.

भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. शेजारचे सरकीचे व्यापारी खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि सदऱ्यातून दिसणाऱ्या टाक्यांकडे डोळे बारीक करून पाहत राहिले.

"मास्तर, हृदय बाहीर काढून ठेवलं होतं म्हंतेत. खरं हाये काय?"

"बाहेर नाही हो. आतच होतं."

"नाही, मी म्हटलं, काढलं असन तं ठेवलं कायच्यात? ताटलीत का वाटीत?"

अक्का आतून म्हणाली, "तुम्हाले चहा कायच्यात पाह्यजे ते सांगा आधी. ताटलीत का वाटीत?"

सगळे हसले. मीही हसलो आणि हसताना छातीत काहीतरी 'कट' झालं. बोट मोडल्यावर होतो तसा आवाज. हाड जुळत असेल, असं वाटलं. तो आवाज मी कुणाला सांगितला नाही. तेव्हा सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी नळी नारिंगी झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी विटकरी.

बायकोने नळी पट्टीशेजारी धरली, उजेडात नेली, परत आणली. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. जिलबीच्या दिवसांतली.

"काय खाल्लं तुम्ही?"

"काही नाही. शप्पथ."

"शप्पथ राहू द्या. काय खाल्लं?"

मी खरोखरच काही खाल्लं नव्हतं. ज्वारीची अर्धी भाकर, मेथी, पातळ वरण. पण आधी खोटं बोललेल्या माणसाला खरं बोलण्याची वेगळी भाषा नसते. तेच शब्द वापरावे लागतात. अक्काने लाडवांचा डबा उचलून स्वतःच्या उशाशी ठेवला. गुळाची ढेप फडक्यात बांधून कपाटात टाकली आणि किल्ली कमरेला खोचली. भेटायला येणाऱ्यांना ती दारातच सांगू लागली, "बसा, बोला, पण त्याच्या हातावर काही ठेवू नका. त्याचा हात लय खोटा हाये."

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना बोलावलं. भला माणूस. त्यांनी जखम पाहिली. वरून कोरडी होती. खालच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी जागा ओलसर होती, तिथे त्यांनी औषध लावून पट्टी चिकटवली. अंगात थोडी तापाची कसर होती. त्यांनी इन्सुलिन वाढवलं आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाले, "मास्तर, संक्रांत आहे. जिभेला गाठ मारा."

म्हणजे त्यांचाही विश्वास नव्हता. मी हसलो. अपराधी माणूस हसतो तसा.

इन्सुलिन वाढलं, जेवण कमी झालं आणि नळी विटकरीच राहिली. भाकर अर्ध्याची पाव झाली. मला भूक लागेनाशी झाली होती, पण तेही माझ्याच विरुद्ध गेलं. अक्का म्हणाली, "भूक लागन कशी? पोट भरेल असन तं भूक लागते काय?" माझी तहान वाढली होती. रोज दुपारनंतर थंडी वाजून अंग गरम व्हायचं. घरातल्या सगळ्यांचे डोळे मात्र त्या नळीवर होते. माझेही. माझ्या छातीकडे मीसुद्धा पाहत नव्हतो.

मग अक्काने बेलभंडारा काढला.

आमच्या घराण्यात खंडोबा आहे. खऱ्याखोट्याचा वाद कुठेच मिटला नाही तर देवापुढे बेलाचं पान आणि त्यावर चिमूटभर भंडारा ठेवायचा. ज्याच्यावर आळ आहे त्याने तो उचलून बोलायचं. भंडारा म्हणजे हळदच, पण उचलताना ती हळद राहत नाही. माझ्या आठवणीत आमच्या घरात तो एकदाच उचलला गेला होता, बांधाच्या भांडणात, आणि उचलणारा चुलता घरी येऊन दोन दिवस जेवला नव्हता. अक्का माझ्यापुढे ताम्हन घेऊन उभी राहिली. हे ती रागाने करत नव्हती, भीतीने करत होती. मी मरेन अशी तिला भीती होती आणि मला वाचवायचा तिच्या हातात हाच एक उपाय होता.

"उचल," ती म्हणाली. "खाल्लं असन तं आत्ताच सांग. मी काही म्हणणार नाही. पण उचलून खोटं बोलू नको, रे बाबा."

मी उचलला. पिवळी पूड बोटांना लागली. म्हणालो, "मुंबईहून आल्यापासून गोडाचा कण तोंडात घातला नाही."

अक्काने सुस्कारा सोडला. बायकोने डोळे पुसले. त्या संध्याकाळी घर हलकं झालं. मला सगळ्यांच्या बरोबर स्वयंपाकघरात पाटावर बसवून वाढलं.

सकाळी नळी विटकरी होती. आदल्या दिवसापेक्षा गडद.

अक्का देवघरात गेली, ताम्हनातलं पान तुळशीत टाकलं, ताम्हन घासून पालथं ठेवलं. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. तिचा राग मी सहन केला असता. पण तिने माझ्याकडे पाहिलं ते वेगळंच होतं. देवापुढे खोटं बोललेल्या माणसाचं आता काय होणार, या काळजीने ती माझ्याकडे पाहत होती.

खरी भीती मला तिथून लागली. आधी मरणाची होती, ती साधी होती. आता वाटायला लागलं की सगळे बरोबर असतील आणि मीच चुकत असेन. नळी खोटं बोलत नाही. ती पट्टी मीच रंगवली होती. बेलभंडारा खोटा नाही. मग खोटा कोण उरतो? मी इतकी वर्षं चोरून खाल्लं, मग आता झोपेत उठून खात असेन तर? ऑपरेशनच्या वेळी भूल दिली तेव्हा डोक्यात काही बिघडलं असेल तर? सकाळी उठलो की मी माझीच बोटं हुंगायचो, गुळाचा वास येतो का म्हणून. एकदा मिशीत तिळासारखं काहीतरी सापडलं. तो जखमेवरच्या पट्टीच्या चिकटाचा कण होता.

छातीतला 'कट' आता कूस बदलताना रोज व्हायचा. मी तो सांगितला नाही. ज्याचा शब्द बेलभंडाऱ्यानेही खरा ठरला नाही, त्याने आता हाडाचं काय सांगायचं? आणि खरं सांगायचं तर, मला वाटत होतं की हे जे चाललं आहे ते मला मिळायलाच हवं.

एका संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "मला बांधून ठेव."

ती कणीक मळत होती. तिने मान वर केली.

"मी झोपेत खात असेन," मी म्हणालो. "मला आठवत नाही. पण नळी सांगते तर खरंच असणार. हात खाटेला बांध. तुझी ती पोत्याची गाठ मार."

तिचं माहेर वरवट बकालचं. मिरच्या आणि कांदे लावणारं घर. मिरचीच्या पोत्याचं तोंड शिवल्यावर वरून सुतळीची एक गाठ मारतात. वाटेत कुणी पोतं उघडलं तर ती तशीच्या तशी परत मारता येत नाही. बायको ती लहानपणी बापाशेजारी बसून शिकली होती. घरात ती तिलाच यायची.

"काय येड्यावानी बोलून राह्यले?"

"बांध. मला भीती वाटते."

तिने हात धुतले, सुतळी आणली आणि माझी दोन्ही मनगटं खाटेच्या बाजूला बांधली. सुतळीखाली जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, रुतू नये म्हणून. अक्का दारातून पाहत होती. ती म्हणाली, "अवो, सख्ख्या नवऱ्याले कोणी असं बांधते काय?" आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मला मात्र किती दिवसांनी सुटल्यासारखं वाटलं. आता मी काही करू शकत नव्हतो.

सकाळी गाठी जशाच्या तशा होत्या. बायकोने खाली वाकून आधी एक पाहिली, मग दुसरी. बोटाने चाचपली. मग विळ्याने सुतळी कापली, बाटली भरायला मोरीच्या दाराशी उभी राहिली आणि दिवा पेटवला.

विटकरी.

तिने नळी पट्टीशेजारी धरलीच नाही. सरळ स्टँडमध्ये ठेवून दिली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"तुम्ही खाऊन नाही राह्यले," ती म्हणाली.

मी मनगटावरची चिंधी सोडत होतो.

"मंग ही साखर येऊन कुठून राह्यली?"

हा प्रश्न इतक्या दिवसांत कुणी विचारला नव्हता. सगळ्यांनी, मला धरून, उत्तरापासून सुरुवात केली होती. तिने माझा सदरा उघडला. खालच्या टोकाची पट्टी पिवळट झाली होती. तिने सोलून काढली तसा वास आला. टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेतून दाट काहीतरी बाहेर आलं. तिने तळहात माझ्या छातीवर आडवा ठेवला.

"खोका."

मी खोकलो. तिने हात विस्तवावरून उचलावा तसा उचलला. हाताखाली हाडाचे दोन भाग एकमेकांवर घासले होते. तिला ते लागलं, मला ते ऐकू आलं.

"हे कधीपासून?"

"बरेच दिवस."

"सांगितलं काऊन नाही?"

"तू मानलं असतं का?"

हे मी बोलायला नको होतं. ती उठली, पायात चपला घातल्या आणि स्वतः डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर आले, त्यांनी हात ठेवला, मला खोकायला लावलं, आणि त्यांचं हसू गेलं. ते म्हणाले, "आजच्या गाडीने मुंबई. इथे मी याला हात लावणार नाही." पोस्टात जाऊन त्यांनीच मुंबईला ट्रंक कॉल लावला.

नांदुरा स्टेशनवर अक्का आली होती. गाडी दोनच मिनिटं थांबते. मला चढवायला तिनेही हात लावला. गाडी हलली तेव्हा खिडकीचा गज धरून बरोबर चालायला लागली.

"तू जा. मी इथं त्या देवाशी भांडतो," ती म्हणाली. आमच्याकडे म्हाताऱ्या बायाही अशा बोलतात, पुरुषासारख्या. "त्याले म्हणतो, तुले खरं-खोटं समजत नाही तं पान घेतं कायले?"

रात्रभर रुळांचे सांधे वाजत होते आणि त्यांच्याबरोबर माझ्या हाडाचा सांधा. बायकोने वाटेत तळहात माझ्या छातीवर ठेवला तो काढलाच नाही. जणू ती हाडाच्या दोन्ही फळ्या दाबून धरत होती.

मुंबईत सर्जननी त्याच दिवशी जखम उघडली. नंतर मला सांगितलं की हाडाच्या मागे पू साठला होता, तारा हाडातून सुटल्या होत्या आणि हाडाच्या कडा मेल्या होत्या. मेलेलं खरवडून काढलं, तारा काढल्या, आत दोन नळ्या ठेवल्या. एका नळीतून औषधाचं पाणी आत जायचं, दुसरीतून गढूळ होऊन बाहेर यायचं. पू तपासायला पाठवला. त्यातल्या जंतूंना कोणतं औषध लागू पडतं ते कळल्यावर इंजेक्शनं बदलली. इन्सुलिन दिवसातून एकदा नाही, थोडं थोडं अनेकदा देऊ लागले आणि प्रत्येक वेळी आधी लघवीची नळी. मी बाहेर येणाऱ्या पाण्याचा रंग पाहत पडून राहायचो. आधी ताकासारखं होतं. मग पेजेसारखं.

शुद्धीवर आल्यावर मी सर्जनना पहिली गोष्ट कोणती विचारली असेल तर ही : "मी काय खाल्लं होतं?"

त्यांना प्रश्न समजला नाही. बायकोने सगळं सांगितलं. नळी, लाडवांचा डबा, बेलभंडारा, सुतळी. ते स्टूल ओढून बसले.

"तुम्ही काही खाल्लं नव्हतं," ते म्हणाले. "शरीरात कुठे पू झाला की मधुमेह्याची साखर वाढते. उपाशी ठेवलं तरी वाढते. आणि साखर वाढली की पू आणखी माजतो. दोघं एकमेकांना पोसतात. ती नळी तुमच्यावर आळ घेत नव्हती, मास्तर. आत काहीतरी पेटलंय, एवढंच सांगत होती."

कुणालाही वाटेल की हे ऐकून मला बरं वाटलं असेल. मी रडायला लागलो, आणि ते आनंदाचं रडणं नव्हतं. चूक माझी होती तोवर ती थांबवणं माझ्या हातात होतं. खाणं सोडलं, हात बांधले, की संपलं. आता कळलं की मी काहीही केलं नाही तरीही माझ्या छातीत हे वाढू शकतं. गुन्ह्याला निदान मालक होता. या भीतीला कुणी मालकच नव्हता.

पाणी स्वच्छ झाल्यावर नळ्या काढल्या, पण जखम शिवली नाही. खालून वर भरत आली पाहिजे, असं ते म्हणायचे. रोज आतली जाळी काढायचे, धुवायचे, नवी जाळी भरायचे. त्या वेळी मी छताकडे पाहायचो. एकदा मात्र नर्सच्या हातातल्या चकचकीत ट्रेमध्ये मला ते दिसलं. माझ्या छातीत उभी खाच होती आणि तिच्या तळाशी साठलेलं थोडं पाणी थरथरत होतं. एका लयीत. मला आधी वाटलं ट्रे हलतो आहे. मग समजलं की पाण्याखाली काय आहे. मी आयुष्यभर मुलांना बदाम काढायला शिकवला, लाल रंगाने. ते तसं काहीच नव्हतं. ते घाबरलेल्या जनावरासारखं आत बसलं होतं आणि त्याच्या नि बाहेरच्या वाऱ्याच्या मध्ये एक पातळ ओला पडदा होता. त्यानंतर कुणी खाटेजवळ शिंकलं तरी मी हातांनी छाती झाकायचो.

शेजारच्या खाटेवर असाच एक मधुमेही होता, असंच ऑपरेशन, अशीच जखम. आम्ही एकमेकांना सकाळी रंग विचारायचो. "आज काय, मास्तर?" "हिरवा. तुमचा?" एका सकाळी मी हिरवा म्हणालो आणि उत्तर आलं नाही. त्यांची गादी गुंडाळलेली होती. नर्स म्हणाली, "तिकडे बघू नका." त्यांनी काय चूक केली होती? मी हा प्रश्न कुणाला विचारला नाही. उत्तर मला माहीत होतं.

माझी जखम भरली. शेवटी दोन्ही बाजूंचं मांस मध्ये ओढून त्यांनी ती बंद केली. माझी का भरली आणि त्यांची का नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. कुणाला माहीत असेल असं वाटतही नाही. मी त्यांच्या गादीचा विचार केला की अजून मान खाली जाते, जणू मी त्यांच्या वाट्याचं काही घेतलं.

घरी परतलो तेव्हा उन्हं तापली होती. अक्का डोणगावला गेली नव्हती. तिने सगळं तसंच सांभाळलं होतं. स्पिरिटचा दिवा, नळी, दाराला पट्टी. देवघरात ताम्हन अजून पालथंच होतं. आम्ही भावंडं अशा गोष्टी बोलणाऱ्यांतली नाही. फक्त वाढताना तिने पूर्ण भाकर माझ्या ताटात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने दिवा पेटवला. मी अंगणात पाठ करून उभा राहिलो. मला पाहवत नव्हतं. नळीतलं पाणी उकळून फुटफुटायचा आवाज आला, मग दिवा विझल्याचा.

"पिवळी," बायको म्हणाली.

मुंबईहून निघताना हिरवी होती. मी वळलो. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चहाचा कप घेऊन, आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं,

"काय खाल्लं रे?"

ती तिथेच थांबली. बायकोही थांबली. कपातला चहा बशीत सांडला.

मग अक्काने कप खाली ठेवला. पदराने हात पुसले. माझ्याजवळ आली आणि तिने तिचा खरबरीत तळहात माझ्या छातीवर, व्रणावर आडवा ठेवला.

"खोक," ती म्हणाली.

मी खोकलो. आम्ही तिघंही कान देऊन उभे राहिलो.